लपवलेली पांढरी बट

टोमी अडेयेमी यांची ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’ ही जादूची आणि प्रेमाची कादंबरी मी दोन रात्रींत वाचून संपवली, आणि मला ती फार आवडली. हे इथे लिहिताना संकोच वाटतो. आनंदवादी समीक्षेवर आपण इतकी वर्षे प्रहार करीत आलो. स्वप्नरंजन हे पोट भरलेल्यांचे साहित्य, असे मी स्वतः वर्गात शिकवतो. एका विद्यार्थिनीने ‘सर, आधी वाचा, मग बोला’ म्हणून पुस्तक हातात दिले. वाचले. आता बोलणे भाग आहे.

कादंबरी २०१८ ची, तरुण वाचकांसाठी लिहिलेली. लेखिका नायजेरियन आईबापांची, अमेरिकेत जन्मलेली. ओरिशा नावाच्या तिच्या कल्पित राज्यात जादूच्या घराण्यातली मुले पांढऱ्या केसांनी ओळखू येतात. अकरा वर्षांपूर्वी जादू नाहीशी झाली आणि राजा सारानने जादू जाणणाऱ्यांची कत्तल केली. झेली या नायिकेच्या आईला गळ्यात साखळी घालून मारले. उरलेल्या मुलांवर जादा कर, कर थकला की वेठबिगार, आणि तोंडावर शिवी ‘अळी’. पुढे झेलीच्या पाठीवर हीच शिवी सुऱ्याने कोरली जाते. निःशस्त्र काळ्या माणसांवर पोलीस गोळ्या झाडतात, त्या बातम्या पाहत आपण हे लिहिले, असे लेखिकेनेच शेवटी सांगितले आहे.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिकडूनच उचलले. तेव्हा हे पुस्तक आपल्याला जवळचे आहे, असे सांगून मी मोकळा होऊ शकतो. पण ते खरे कारण नव्हे. मी जागलो तो पुढे काय होते यासाठी. शिंगे असलेल्या सिंहिणीवर बसून पोरे पळतात, मागे राजपुत्र लागतो, आणि चाळिशीकडे झुकलेला मास्तर पाने उलटतो. लहानपणी आमच्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे पुस्तक नव्हते. ही मजा मला उशिरा मिळाली, एवढेच.

या आनंदानेच मला पकडले. झेलीचा पाठलाग करणारा राजपुत्र इनान. आपल्याही अंगात जादू आहे हे त्याला वाटेत कळते. केसांत पांढरी बट उमटते. तो ती लपवतो, आतली शक्ती दाबतो, एक ते दहा आकडे मोजतो. मग त्याचे झेलीवर प्रेम जडते, आणि तो सुधारावा असे मला मनापासून वाटू लागले. झेलीपेक्षा मी त्याच्याच बाजूने वाचत होतो. का? नोकरी लागली तेव्हा शहरात खोली मिळावी म्हणून मी आडनावाच्या जागी गावाचे नाव सांगितले होते. बाबासाहेबांची तसबीर आठ महिने बॅगेत होती. घरमालकाने विचारलेसुद्धा नव्हते. मीच आधी घाबरलो. इनानची बट वाचताना ती बॅग आठवली. आपल्या आत्मकथनांनी अपमान सांगितला, भूक सांगितली. पगारदार माणसाची ही लपवाछपवी एका परक्या जादूकथेने मला इतकी स्वच्छ दाखवली, हे कबूल केले पाहिजे. आणि लेखिका त्याला सोडत नाही. प्रेम करूनही तो ऐन वेळी बापाच्या बाजूला जातो. ही प्रेमकथा गोड नाही, म्हणून मला ती खरी वाटली.

तक्रार वेगळीच आहे. राजाचे पहिले कुटुंब जादूवाल्यांच्या हातून मारले गेले होते, असे कादंबरी सांगते. म्हणजे जुलमाच्या मुळाशी खरे भय ठेवले आहे. आपल्याकडे कोणाला कसले भय होते? विहिरीवर घागर घेऊन गेलेल्या बाईच्या हातात कुठली जादू होती? शिवाय इथे माणसांना मान परत मिळायचा तो शक्ती परत आल्यावर. त्यासाठी विधी हवा, खंजीर हवा, मुहूर्तही हवा. १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेलेली माणसे आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सांगायला गेली होती, आपल्या अंगी काही विशेष आहे हे दाखवायला नव्हे. झेलीचा भाऊ त्झेन याला जादू येणार नाही. तो सगळे गमावतो आणि बहिणीमागे चालत राहतो. त्या मुलाला स्वतःचे एक प्रकरणही नाही. झेली, राजकन्या अमारी आणि इनान तिघे आळीपाळीने बोलतात, हा गप्पच.

पुस्तक परत देताना हे सगळे त्या मुलीला सांगितले. तिने ऐकून घेतले.

‘सर, तुम्हाला इनानची दया आली?’

आली, म्हटले.

‘मला नाही आली,’ ती म्हणाली, आणि पिशवीतून दुसरा भाग काढून टेबलावर ठेवला.