वाळूवरचे मँडोलिन

मँडोलिन हे उघड्यावरचे वाद्य नव्हे, असे जाणकार सांगतात; आणि ते खोटेही नाही. इटलीत वाढलेल्या या वाद्याला तारांच्या चार जोड्या. नखीने छेडलेला स्वर उमटतो न उमटतो तोच विझतो. घरात चार भिंती त्याला घटकाभर झेलून धरतात. समुद्रकाठी भिंत कुठली? म्हणून एक तरुण वादक रेवदंड्याच्या वाळूत आयर्लंडच्या लोकधुना वाजवणार म्हटल्यावर आमच्या मंडळींनी आधीच नाके मुरडली होती.

गडी मात्र हुशार निघाला. ओढून ठेवलेल्या होडीला पाठ लावून, समुद्राकडे पाठ करून तो बसला. होडीच्या फळ्यांनी भिंतीचे काम केले आणि संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्याने स्वर आमच्याकडे आणून टाकले. खारे वारे आणि मतलई वारे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्यांचा असा रसिक उपयोग कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

त्याने आरंभ केला तो जिगने. जिग ही नाचाची धून. तीन-तीनच्या दोन गटांत सहा मात्रा धावतात. एक भाग दोनदा वाजतो, मग दुसरा दोनदा. आपल्या कोळीगीतांचा ठेकाही बहुधा सहाचाच. त्यामुळे दुसऱ्या आवर्तनालाच मागे बसलेल्या कोळणींनी, कुणी न सांगता, टाळी धरली! शिवाय या धुना फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, घडलेल्या. मँडोलिनच्या तारा व्हायोलिनसारख्याच जुळवलेल्या असतात, म्हणून बोटांना त्या परक्या नाहीत. स्वरामागे स्वर इतक्या लगबगीने येतो, की विझायला कुणाला सवड नसते. वारा चोरणार तरी काय?

पुढे त्याने टर्लोक ओकॅरोलनची (१६७०–१७३८) एक संथ चाल घेतली, आणि बैठक सैल झाली. कॅरोलन हा अंध हार्पवादक. हार्पच्या तारा दीर्घकाळ निनादतात. त्या निनादाच्या भरवशावर ही चाल उभी आहे. इथे दोन स्वरांमध्ये नुसती लाट ऐकू येई. ती पोकळी भरण्यासाठी वादकाने नखी थरथरवली. तेव्हा धून गंभीर न राहता रडवी झाली. सज्जाद हुसेन यांनी याच पडद्यांच्या वाद्यातून मींड काढून दाखवली होती हे खरे. पण तिचे बारकावे ऐकायला शांतता लागते.

आता गावकऱ्यांचे म्हणणे असे, की पुढच्या नारळी पौर्णिमेला त्याला कर्णा द्यावा. याला माझा स्पष्ट विरोध आहे. आमच्याकडे मिरवणुकीत कळा दाबून वाजवायचा ‘बँजो’ कर्ण्यावर गाजतोच. आयर्लंडातही बार्नी मॅकेना (१९३९–२०१२) यांच्यासारख्यांनी डफासारखा मढवलेला, फिडलच्या एक सप्तक खाली जुळवलेला बँजो वाजवून गजबजाटावर मात केली. ती त्या वाद्याची प्रकृतीच आहे. कर्ण्यातून आलेले मँडोलिन बँजोसारखेच खणखणते. मग बँजोच काय वाईट?

वादकाने तीस-चाळीस माणसांपुरतेच, होडीच्या आडोशाने वाजवावे, आणि जिगच वाजवाव्यात. कॅरोलनसाठी माझी पडवी मोकळी आहे; पावसाळा सोडून केव्हाही.