दंताळ्याच्या रेघा

क्योटो शहराच्या वायव्य टोकाला रिओआन-जी हे रिंझाई झेन पंथाचं मंदिर आहे. १४५० साली होसोकावा कात्सुमोतो या सरदाराने ते स्थापलं. पुढे ओनिनच्या युद्धात ते जळालं, पुन्हा उभं राहिलं आणि १७९७ साली परत आगीत सापडलं. पण लोक तिथे जातात ते मुख्य दालनापुढचं अंगण बघायला. साधारण २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्यात खडी, १५ दगड आणि दगडांच्या पायाशी शेवाळ. झाड नाही, पाणी नाही, पायवाट नाही. बघायचं ते ओसरीवर बसून.

ओसरीवर कुठेही बसा, एखादा तरी दगड दुसऱ्याच्या आड जातो, असं सांगतात. हे कुणी कानात सांगितलं की माणसं बोटांवर मोजायला लागतात. मला ही मोजदाद रसभंग वाटते. दगड काही हजेरी द्यायला बसलेले नाहीत. मोजण्याचा नाद सोडला की नजर आपली आपण चालू लागते, आणि ती कशी चालते, हेच या अंगणातलं खरं पाहणं.

डावीकडे पाच दगडांचा समूह. त्यातला एक सगळ्यांत धिप्पाड, बाकीचे त्याच्या आसऱ्याने शेवाळात रुतलेले. नजर पहिल्यांदा तिथेच पडते. तिथून उजवीकडे निघावं तर मागच्या भिंतीला धरून एक लांबट दगड आडवा पडलेला, जोडीला एक छोटा. पहिला समूह जितका ठाम, तितकाच हा अंग चोरून. मग पुढे तीन, परत दोन, शेवटी तीन. काही दगड खडीतून जेमतेम डोकं वर काढतात. प्रत्येक समूहापाशी नजर क्षणभर टेकते. पण टेकली की लगेच जाणवतं, की या समूहाचा कल पुढच्याकडे आहे आणि मधे भरपूर मोकळी खडी आहे. ती खडी ओलांडताना वेळ जातो. ऐन मध्यावर काहीच ठेवलेलं नाही. चित्राला केंद्र हवं, ही आपल्या डोळ्यांची जुनी खोड इथे हळूहळू थकते.

अशी जागा पाहिली की ‘शांत’ हा शब्द सहज ओठांवर येतो. आपल्याकडे या शांतरसावरूनच मोठा वाद झाला. भरताने रस आठच सांगितले, असं एक मत. शांत हा नववा आणि सर्व रसांचं मूळ, असं अभिनवगुप्ताचं म्हणणं. दशरूपककार धनंजयाने मात्र नाट्यात त्याला जागा नाकारली. जिथे सगळ्या हालचाली निवतात, ते रंगभूमीवर दाखवणार कसं? आक्षेप बिनतोड आहे. या अंगणाची गंमत अशी, की त्यानेही शांती दाखवायचा प्रयत्न केलेला नाही. ध्यानस्थ बुद्ध नाही, कमळ नाही, संथ तळंही नाही (तळं आहे, पण ते मंदिराच्या आवारात, वेगळं). इथे फक्त डोळ्यांना काम दिलं आहे आणि ते काम संपत नाही.

भिंतीकडे जरा जास्त वेळ बघावं. ती तेलात उकळलेल्या मातीची आहे. ते तेल वर्षानुवर्षं पाझरत आलं आणि भिंतीवर तपकिरी, काळपट, गेरूच्या रंगाचे ओघळ उमटले. अंगणातला दगड न् दगड कुणीतरी विचार करून ठेवलेला. हे ओघळ मात्र कुणीच काढलेले नाहीत. तरी ते पुसून भिंत एकरंगी केली, तर पुढचे दगड शोभेच्या वस्तू वाटतील. मांडणीला अशा न मांडलेल्या गोष्टीची पाठ लागते.

खडीचंही तसंच. क्योटोच्या बागांतून परंपरेने शिराकावा नदीकाठच्या ग्रॅनाइटची खडी वापरली गेली. पांढरा फेल्डस्पार, करडं क्वार्ट्झ आणि काळ्या अभ्रकाचे ठिपके. म्हणून दुरून ती पांढरी दिसते, पण उन्हात डोळ्यांवर येत नाही. दाणे जाड आणि कोनेदार, एकमेकांत अडकून बसणारे, त्यामुळे दंताळ्याने काढलेली रेघ टिकते. समुद्राच्या वाळूत ती पहिल्याच वाऱ्याला विस्कटली असती.

या रेघा कायमच्या नसतात. पाऊस पडतो, पाचोळा येतो, पाखरं उतरतात. मग भिक्षू जड लाकडी दंताळं घेऊन खडीत उतरतो. मोकळ्या जागेत ओसरीला समांतर सरळ रेघा, समूहांभोवती गोल. दंताळं ओढत मागे मागे सरकायचं, म्हणजे आपल्याच पावलांचे ठसे आपणच पुसत जायचं. शेणाने खोली सारवणारी बाई भिंतीकडून दाराकडे सरकत येते, तसंच हे. कुठून सुरुवात केली तर बाहेर कुठून पडू, हे आधी ठरलेलं नसेल तर कोपऱ्यात अडकायची वेळ. गोल रेघ जिथे सुरू झाली तिथे परत येऊन मिळताना सांधा दिसता कामा नये. हात घाईला आला की रेघ लगेच चुगली करते.

झेन मठांत अशा कामाला ध्यानाइतकाच मान आहे. बाईझांग या जुन्या चिनी गुरूची गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हातारपणी त्याला श्रम पडू नयेत म्हणून शिष्यांनी त्याची अवजारं लपवली, तर त्याने जेवण सोडलं. अवजारं परत मिळाली तेव्हाच तो जेवला. मनःशांतीसाठी झेन बागेची शिफारस करणारे बहुधा ओसरीवरच्या पाहुण्याला डोळ्यांपुढे ठेवतात. मला त्या अंगणात खरा भाग्यवान वाटतो तो दंताळेवाला. पाहुणा तयार रेघा बघतो. याला आज त्या काढायच्या असतात.

तरीही या अंगणाला ‘ध्यानाची बाग’ म्हणून फार डोक्यावर घेऊ नये. तो बोलबाला मुख्यतः विसाव्या शतकातला. १६८०च्या सुमाराच्या वर्णनात इथे नऊ मोठे दगड आहेत आणि त्यांत वाघिणीचे बछडे पाणी ओलांडताना पाहिलेले आहेत. १७९९च्या एका सचित्र ग्रंथात तर लोक खुशाल खडीवरून फिरताना दिसतात! बाग नक्की कुणी रचली यावर एकमत नाही. एका दगडाच्या पाठीवर मात्र दोन नावं कोरलेली आहेत. ती दगड बसवणाऱ्या कावारामोनोंची, म्हणजे नदीकाठी राहणाऱ्या, समाजाने बाहेर ठेवलेल्या मजुरांची असावीत, असा तर्क आहे. तो खरा असेल, तर ज्या रचनेचं श्रेय आपण झेनच्या गूढ दर्शनाला देतो, तिच्यात अशा मजुरांच्या हातांचा आणि नजरेचा वाटा मोठा आहे. २००२ साली ‘नेचर’मध्ये संशोधकांनी गणित मांडून दाखवलं, की समूहांमधल्या मोकळ्या जागेला झाडाच्या फांद्यांसारखी रचना आहे आणि तिचं खोड दालनातून बघण्याच्या जागेकडे येतं. असेलही. नजर का भटकते आणि कुठे परतते, याचं ते एक बरं उत्तर आहे.

पण या अंगणाचं मला सर्वांत पटलेलं रसग्रहण ओझू यासुजिरो याच्या ‘लेट स्प्रिंग’ या १९४९च्या चित्रपटात आहे. मुलीचं लग्न ठरलेला प्रोफेसर बाप आणि त्याचा जुना मित्र या ओसरीवर बसलेत. कॅमेरा दगडांकडे जातो, त्यांच्याकडे येतो, पुन्हा दगडांकडे. दोघांच्या तोंडी बागेविषयी, ध्यानाविषयी अवाक्षर नाही. ओझूने त्यांना मांडी ठोकून डोळे मिटायला लावलेलं नाही. ते बोलतात मुलींविषयी. वाढवायच्या, आणि हाताशी आल्या की परक्या घरी द्यायच्या, काय उपयोग, अशी तक्रार. मग दोघांच्याही लक्षात येतं, की आपणही कुणाच्या तरी वाढवलेल्या मुलीच करून आणल्या होत्या, आणि दोघे हसतात.