मुक्तद्वार कलेचे मोल

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण आपल्याकडे थट्टेने वापरली जाते. विनामूल्य मिळालेल्या वस्तूचे गुणदोष कोणी पाहत नाही, असा तिचा गर्भितार्थ. कलेच्या बाबतीत हे कितपत खरे, याचा विचार मुंबईतील काळा घोडा परिसराच्या निमित्ताने करावा असे आम्हांस वाटते. खिशातून पै न काढता शनिवार-रविवार चित्रे पाहावीत आणि गाणे ऐकावे, अशी सोय या परिसरात हाकेच्या अंतरावर आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या आपल्या कुटुंबांतील मुले-नातवंडे आता मुंबईत स्थिरावलेली असल्याने आपले तिकडे जाणे-येणे होतच असते.

ज्या घोड्यावरून परिसरास हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्येच तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. 2017 मध्ये तेथे नवा घोडा उभारला गेला. त्यावर स्वार मात्र नाही. 1999 पासून येथे काळा घोडा कला महोत्सव भरतो. बहुधा फेब्रुवारीच्या आरंभी, नऊ दिवस. चित्र, शिल्प, नृत्य, संगीत, नाटक, साहित्यचर्चा, जुन्या वास्तूंची पदभ्रमंती, सारे विनामूल्य. महोत्सव नसला तरी जहांगीर आर्ट गॅलरीचे दार सर्वांस उघडे असते. के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांच्या आग्रहाने सर कावसजी जहांगीर यांनी दिलेल्या देणगीतून ही वास्तू 1952 मध्ये उभी राहिली.

शासनाच्या सेवेत उमेदीची वर्षे घालविल्यामुळे आम्हांस एवढे ठाऊक आहे, की अंदाजपत्रकात 'फुकट' नावाचे लेखाशीर्ष नसते. खर्च कोणाच्या तरी नावे पडतोच. जहांगीरमध्ये आपण विनामूल्य प्रवेश करतो, परंतु आत चित्रे मांडणाऱ्याने दालनाचे भाडे भरलेले असते आणि ते मिळावे म्हणून त्याने बहुधा काही वर्षे वाटही पाहिलेली असते. म्हणजे आपल्या आनंदाचे तिकीट चित्रकाराने काढलेले असते. बाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी नाही. महोत्सवाचा भार प्रायोजक उचलतात आणि त्यांची नाममुद्रा मंचामागे झळकते. यात गैर काही नाही. पूर्वी तेथे संस्थानिकाचे नाव असे. प्रश्न एवढाच, की ज्यांनी काहीच दिलेले नाही त्या आपण काय द्यावयाचे?

या कसोटीवर महोत्सवाकडे पाहता दोन गोष्टी नमूद कराव्याशा वाटतात. पहिली त्याच्या गुणाची. कलादालनाची पायरी चढण्यास बिचकणारा माणूस येथे निःसंकोच येतो. रस्त्यावरच्या मांडणशिल्पापुढे आजी, आई आणि शाळकरी मूल तिघेही थबकतात, आणि 'हे काय आहे?' असा प्रश्न मोठ्याने विचारण्याची कोणास लाज वाटत नाही. हे यश लहान नाही.

दुसरी गोष्ट दोषाची. एकाच संध्याकाळी इतक्या ठिकाणी इतके काही चाललेले असते, की प्रेक्षक कोठेच ठरत नाही. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत चर्चा रंगात यावी, तो निम्मे श्रोते पुढच्या कार्यक्रमाच्या रांगेसाठी उठलेले. मांडणशिल्पापाशी सर्वाधिक गर्दी असते ती त्याच्याकडे पाठ करून छायाचित्र काढून घेणाऱ्यांची. जे पाहण्यास आलो तेच पाठीमागे राहते. आमच्या मते हा दोष केवळ प्रेक्षकांचा नव्हे. संयोजनात विपुलतेस जेवढे स्थान आहे, तेवढे विसाव्यास नाही.

आम्हां ग्वाल्हेरकरांस येथे तानसेन समारोहाची आठवण होणे स्वाभाविक आहे. 1924 पासून चालत आलेला हा उत्सवही मुक्तद्वार आहे. परंतु तेथे एक मंडप आणि एका वेळी एक कलावंत. सभेचा आरंभ ध्रुपदाने होतो आणि श्रोत्यास दुसरीकडे जाण्याचा मोह पडण्यास दुसरीकडे काही नसतेच. डिसेंबरच्या थंडीत उत्तररात्री तेथील खुर्च्याही ओस पडतात, हे मान्य. तरीही जे उरतात, त्यांनी राग उलगडताना पाहिलेला असतो. काळा घोड्याने हे थोडे आत्मसात करावे, आणि आमच्या समारोहाने तेथील निःसंकोचपणा.

तिकीट ही वाईटच गोष्ट, असे मात्र कोणी समजू नये. ग्वाल्हेर परंपरेतीलच विष्णू दिगंबर पलुस्करांनी काठेवाडात तिकीट लावून जाहीर मैफल केली, तेव्हा ती क्रांती होती. तोवर दरबारातील गाणे ऐकणाऱ्यास विनामूल्यच होते, पण निमंत्रितांपुरते. नाममात्र पैसे घेऊन पलुस्करांनी ते कोणाही माणसास खुले केले. तिकिटाने दार उघडले, हे ध्यानी घेतले म्हणजे 'विनामूल्य' या शब्दाचे कौतुक आपोआप मर्यादेत राहते. दार उघडे असणे महत्त्वाचे. ते दानाने उघडले, करातून उघडले की तिकिटाने, हा पुढचा हिशेब.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. दोन दिवसांत दहा ठिकाणे गाठू नयेत. एका सकाळी एकच दालन पाहावे, चित्रकार तेथे असल्यास त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. ऐपत असेल तर पदपथावरून एखादे लहानसे चित्र, घासाघीस न करता, विकत घ्यावे. संध्याकाळी एकच कार्यक्रम निवडावा. हाच नेम आपल्या गावच्या मंडळांनाही लागू आहे, कारण तेथील व्याख्याने आणि मैफली वर्षानुवर्षे विनामूल्य आहेत आणि मागच्या रांगा वर्षानुवर्षे लवकर रिकाम्या होतात. जेथे प्रवेशमूल्य नाही, तेथे श्रोत्यापाशी देण्याजोगे एकच असते, त्याचे बसणे. ते भैरवीपर्यंत द्यावे.