धोरणाधारित मार्गनिर्धारण : महाविद्यालयीन संगणकजाळ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
सोलापुरात दरवर्षी जानेवारीत श्री सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, तेव्हा शहरातील वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते. तसा आदेश पोलीस प्रशासन आधी प्रसिद्ध करते. महाविद्यालयाच्या संगणकजाळ्यातही माहितीची वाहतूक वळविली जाते. मात्र तिचा आदेश सहसा कोणाच्या वाचनात येत नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीची चिकित्सा करावयाची आहे.

संकल्पना :
सामान्य मार्गनिर्धारणात राउटर पॅकेटचा केवळ गंतव्य पत्ता पाहतो. धोरणाधारित पद्धतीत स्रोत पत्ता, प्रोटोकॉल, पोर्ट क्रमांक हेही निकष ठरतात. १९८९ च्या ‘आरएफसी ११०४’ या दस्तऐवजात या पद्धतीच्या प्रारूपांची चर्चा आढळते. लिनक्समध्ये १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून ही सोय उपलब्ध आहे.

चिकित्सा :
समजा, एका महाविद्यालयाकडे एक लीज लाइन व एक साधे ब्रॉडबँड आहे. कार्यालय व प्राचार्य कक्ष लीज लाइनवर, तर प्रयोगशाळा व ग्रंथालय ब्रॉडबँडवर, असा नियम लिहिला जातो. तांत्रिकदृष्ट्या तो निर्दोष असतो. परंतु मंगळवेढा, अक्कलकोट येथून येणाऱ्या विद्यार्थ्याचा परीक्षा अर्ज अखेरच्या दिवशी अडकतो, तेव्हा ते यंत्राचे अपयश नसून धोरणाचे फलित होय.

दुसरा दोष असा की, नियम क्रमाने वाचले जातात व लागू पडणारा पहिला नियम निर्णायक ठरतो. निर्देशित मार्ग जिवंत आहे की नाही, हे तपासण्याची व्यवस्था न केल्यास दुसरी लाइन चालू असूनही पॅकेट बंद मार्गावरच जाऊ शकते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये आशयानुसार भेदभावपूर्ण दरांस मनाई केली. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने जाळे-तटस्थतेची तत्त्वे स्वीकारली. ही बंधने सेवा पुरवठादारांवर आहेत. महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यात न्याय कोणी पाहावयाचा, हा प्रश्न शिल्लक राहतो. अभ्यासक्रमात मात्र हा विषय केवळ आज्ञावलीचे कौशल्य म्हणून शिकविला जातो.

निष्कर्ष :
धोरण हा शब्द येथे अलंकारिक नाही. मार्गनिर्धारणाचे नियम मराठीत लिहून सूचनाफलकावर लावावेत, महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवावेत व परीक्षा अर्जांच्या काळात त्यांचा फेरविचार व्हावा. जो निर्णय लिहिलेला नाही, त्याचा जाब विचारता येत नाही.