ठिपक्यांचा माणूस आणि चुळबुळी मुले

खोपोलीहून रात्री बोरघाट चढताना रस्त्याच्या कडेला काम करणारे मजूर कसे दिसतात, हे आपण कधी निरखून पाहिले आहे काय? गाडीच्या दिव्यांच्या झोतात त्यांच्या जाकिटावरची चकचकीत पट्टी तेवढी उजळते. तिला आपण सगळे 'रेडियम' म्हणतो. (तिच्यात रेडियम नसते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.) छातीवरचा तो उजळ तुकडा खांबाचा, पिंपाचा की माणसाचा, हे चटकन कळत नाही. पण तशाच पट्ट्या घोट्यांवर व गुडघ्यांवर असतील आणि तो दोन पावले चालला, तर चेहरा न दिसताही 'हा माणूस' अशी खूण पटते. वाहनचालकांवर झालेल्या प्रयोगांतही सांध्यांवर पट्ट्या बांधलेला पादचारी बराच दुरून ओळखू येतो, असे आढळले आहे.

या नवलाचा पद्धतशीर अभ्यास स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे गुन्नार योहानसन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. चालणाऱ्या माणसाच्या मुख्य सांध्यांचे फक्त उजळ ठिपके दिसतील, अशी चित्रफीत त्यांनी तयार केली. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्याला त्यांतून काही अर्थबोध होत नसे. ते हलू लागताच माणूस दिसे. त्यासाठी सेकंदाचा पाचवा भागही पुरतो. २००८ साली इटलीतील संशोधकांनी तर दोन दिवसांच्या बाळांना असे ठिपके दाखवले. ते होते चालणाऱ्या कोंबडीचे! इतस्ततः हलणाऱ्या ठिपक्यांपेक्षा बाळांची नजर या ठिपक्यांवर अधिक वेळ राहिली. सजीवाची हालचाल ओळखण्याची काही तयारी आपण जन्मतःच घेऊन येतो, असे यावरून दिसते.

हे सारे आठवण्याचे निमित्त घडले ते खोपोलीतल्या एका शिक्षकांमुळे. त्यांच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला ए.डी.एच.डी., म्हणजे अवधान टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता, असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. गुरुजी मला म्हणाले, "मी हाताने खूण केली तरी याला कळत नाही. आता संशोधनानेच सिद्ध झाले आहे म्हणे, की या मुलांना माणसांच्या हालचाली नीट दिसत नाहीत. म्हणून त्याला कबड्डीच्या संघातून काढावे म्हणतो. उगाच कुठे लागायला नको." गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. पण आठवड्यात ज्या एका तासाची तो मुलगा वाट पाहतो, तोच तास त्याच्या हातून जाणार होता.

गुरुजींच्या कानावर आलेला तो अभ्यास बीजिंगच्या संशोधकांचा असावा. 'ई-लाइफ' या नियतकालिकात तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. तो मी बारकाईने वाचला. काम चांगले आहे, हे आधी सांगतो. ठिपक्यांच्या माणसात दोन प्रकारची माहिती असते. एक, एकेका ठिपक्याची गती: पाऊल कसे उचलले जाते, कसे टेकते. दुसरी, सर्व ठिपके मिळून होणारी आकृती. संशोधकांनी या दोहोंची परीक्षा वेगवेगळी घेतली. ए.डी.एच.डी. असलेल्या मुलांची कामगिरी इतर मुलांपेक्षा वेगळी आढळली. ठिपक्यांची गती ओळखण्याचा संबंध मुलांच्या सामाजिक वागणुकीशी दिसला, तर आकृती ओळखण्याची क्षमता वयाबरोबर वाढलेली दिसली. दोन्ही प्रकारची माहिती एकत्र असलेल्या परीक्षेतील यशाचा संबंध दीर्घकाळ लक्ष टिकवण्याच्या क्षमतेशी असावा, असेही ते म्हणतात. हा 'असावा' त्यांचा आहे. खोपोलीला पोहोचेपर्यंत त्याचा 'सिद्ध झाले' झाला.

माझा मुख्य आक्षेप 'दिसत नाही' या शब्दांवर आहे. अशा परीक्षेत मूल काय पाहते ते आपल्याला कळत नाही. त्याने काय उत्तर दिले तेवढे कळते. समजा, ठिपक्यांचा माणूस डावीकडे चालला की उजवीकडे, असा प्रश्न शंभर वेळा विचारला. पहिल्या मुलाला प्रत्येक वेळी स्वच्छ दिसते, पण वीस वेळा त्याचे मन खिडकीबाहेर असते. त्या वीस वेळा तो अंदाजाने ठोकून देतो. दोनच पर्याय असल्याने त्यांतली साधारण दहा उत्तरे बरोबर येतात. एकूण गुण नव्वद. दुसरा मुलगा शंभरही वेळा मन लावून पाहतो, परंतु वीस वेळा त्याला दिशाच उमगत नाही. तोही अंदाज करतो. त्याचेही गुण नव्वद. एकाची अडचण अवधानाची, दुसऱ्याची दृष्टीच्या आकलनाची, आणि गुणपत्रिका एकच! दोघांना वेगळे काढायचे तर मधूनमधून अगदी सोपी, कुणालाही ओळखता येतील अशी चित्रे दाखवावी लागतात. तिथेही चूक झाली, तर मन भरकटले होते असे समजायला जागा मिळते.

आणखी एक गोष्ट. लक्ष, तर्कबुद्धी आणि हालचालींचे आकलन यांची साखळी संशोधकांनी संख्याशास्त्राने जोडली आहे. लक्षाचा परिणाम मुख्यतः तर्कबुद्धीच्या मार्गाने होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पण त्याच मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेला नसताना, या साखळीतील बाण कुठून कुठे जातात हे आकडे स्वतः सांगत नाहीत. ते आपण मांडतो. वयाबरोबर क्षमता वाढते हे विधानही वेगवेगळ्या वयांच्या मुलांची तुलना करून आलेले आहे.

गटाची सरासरी एका मुलाला लावणे ही तर जुनीच चूक. दोन गटांच्या सरासरीत फरक असला, तरी कितीतरी मुलांचे गुण एकमेकांत मिसळलेले असतात. ठिपक्यांची परीक्षा ए.डी.एच.डी.च्या निदानाच्या निकषांतही नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या ठिपक्यांना आवाज नसतो, चेहरा नसतो, धावताना उडणारी धूळ नसते.

उलट कबड्डी पाहा. चढाईला गेलेला गडी पाहतो काय? कोण पुढे सरकतो, कुणाचा भार कोणत्या पायावर आहे, कोणाची हुलकावणी खोटी. माणसाच्या हालचाली वाचण्याची याहून कठीण परीक्षा मला तरी सुचत नाही. तो मुलगा चढाईत कसा आहे, असे मी विचारले. "चपळ आहे, गुण आणतो," गुरुजी म्हणाले, आणि जरा थांबले. यावरून त्याचे आकलन निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. एका मुलावरून मीही नियम काढू नये. पण वर्गात हाताची खूण चुकणारा मुलगा मैदानावर पायाची खूण टिपत असेल, तर अडचण डोळ्यांत शोधण्यापूर्वी त्या क्षणी तो कुठे पाहत होता, हे विचारायला हवे. गुरुजी आता आधी नाव घेतात, त्याने मान वळवली की मगच खूण करतात. संघातून त्याला काढलेले नाही.

योहानसन यांचा प्रयोग शाळेत सहज करता येतो. दुचाकीच्या सामानाच्या दुकानात रेडियमची पट्टी मिळते. तिचे बोटभर तुकडे खांदे, कोपरे, मनगटे, कंबर, गुडघे आणि घोटे यांवर चिकटवावेत. कपडे गडद हवेत, खोलीत पूर्ण अंधार हवा. टॉर्च मात्र आपल्या डोळ्यांजवळ, कपाळाला टेकवून धरावा, कारण ही पट्टी प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते. टॉर्च दूर धरला तर ठिपके मंद दिसतात. पाहणाऱ्यांनी आधी स्थिर ठिपके पाहून अंदाज लिहावा, मग चालणारे. कोण चालत आहे हेही ओळखायला सांगावे. मित्राची चाल काही वेळा ओळखू येते, असे १९७७ सालच्या एका प्रयोगात दिसले आहे. उत्तरासोबत पाहणाऱ्याची नजर त्या वेळी समोर होती की नाही, याचीही नोंद दुसऱ्या विद्यार्थ्याने ठेवावी. आणि पट्ट्या लावून चालण्यासाठी वर्गातल्या सर्वांत चुळबुळ्या मुलाला निवडावे. अंधारात स्वस्थ बसून राहण्याचे काम इतरांना देता येते.