धुणे आणि पाहणे : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

गुरुविद्यालयात आम्हांला दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करण्याची शिस्त लावण्यात आली होती. दुपारी भोजनापूर्वी आणि रात्री निजण्यापूर्वी काही मिनिटे शांत बसावयाचे आणि दिवसाचा हिशेब देवापुढे मांडावयाचा. ती सवय टिकली, याचे मला समाधान होते. परंतु काही वर्षांपूर्वी एका रात्री ध्यानात आले, की माझी यादी गेली कित्येक वर्षे बदललेलीच नाही. प्रार्थनेत मन भरकटले, कोणावर तरी रागावलो, वेळ वाया दवडला. यादी खोटी नव्हती. पण तीत मी कोठेच नव्हतो. ती कोणाही धर्मगुरूची असू शकली असती. उपवासकाळात पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहून लहानपणी पाठ केलेली तीच चार वाक्ये मनात घोळवणाऱ्या भाविकाला मी काय सांगणार होतो?

त्या सुमारास लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती आले. हे पुस्तक आपल्या नाशिककरांच्या घरचे. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या, गोदाकाठच्या जलालपूरचा. पती नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला. 1934 पासून या आठवणी पुस्तकरूपाने आल्या. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट परंपरेतले. त्यामुळे आपल्या कॅथॉलिक घरांत हे पुस्तक आदराने उल्लेखिले जाते, पण वाचले कमी जाते. साहित्य म्हणून त्याचा गौरव पुष्कळ झाला आहे. मला ते आत्मपरीक्षणाचा पाठ म्हणून वाचावेसे वाटते.

पुस्तकाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. 1857 च्या धामधुमीत एका आप्ताला फाशी झाली आणि त्या आघातानंतर वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यावयाची नाही, विटाळाची शंका आली की पुन्हा स्नान. सारे घर या धुण्याने दमून गेले. लेखिका हे वर्णन हसतहसत करते, पण त्यामागचे दुःख लपत नाही. ज्याला भीतीने ग्रासले आहे, त्याला कितीही पाणी पुरत नाही.

ताटवाटी बाहेरून घासणाऱ्यांना प्रभू येशूने दिलेली ताकीद आपण मत्तयच्या शुभवर्तमानात वाचतो. पण ती ताकीद केवळ सोवळ्याला लागू आहे, असे समजून आपण सुटू शकत नाही. आपले आत्मपरीक्षणही असे धुणे होऊ शकते. डाग शोधायचे, घासायचे आणि पुन्हा डागाच्या भीतीत जगायचे. संत इग्नाती लोयोला यांना मान्रेसा येथे 1522 च्या सुमारास हाच अनुभव आला. सांगून झालेली पापे पुन्हापुन्हा आठवून ते इतके व्याकूळ झाले, की जगणे नकोसे वाटू लागले. त्याच इग्नातींनी पुढे आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आणि पहिली पायरी पापाची ठेवली नाही, आभाराची ठेवली. आभार, प्रकाशासाठी प्रार्थना, दिवसाचे अवलोकन, क्षमायाचना आणि निश्चय, हा तो क्रम होय. धुण्यापूर्वी पाहणे, आणि पाहण्यापूर्वी कृतज्ञता.

हे पाहणे लक्ष्मीबाईंना साधले होते. त्या ‘मी अभिमानी होते’ असे लिहीत नाहीत. अभिमान ज्या प्रसंगी उघडा पडला, तो प्रसंग, ती जागा, ते बोलणे जसेच्या तसे उभे करतात. पतीकडे परत आल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे सांभाळले. पुढे एके दिवशी त्यांनी स्वतःलाच प्रश्न केला, की हे भेद देवाने केले की माणसांनी? उत्तर मिळताच त्यांनी जातिभेद सोडला. तो विचार त्यांच्यावर कोणी लादला नव्हता. वडिलांकडून आलेले ओझे त्यांनी उजेडात धरून पाहिले आणि खाली ठेवले. आपल्या धर्मग्रामात लग्न जुळवताना आजही जात विचारली जाते. ती गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या आत्मपरीक्षणाच्या यादीत असते?

स्वतःला हसण्याची त्यांची शक्तीही याच पाहण्यातून आली आहे. ज्याला क्षमा मिळाल्याची खात्री आहे, तोच आपल्या फजितीवर मोकळेपणाने हसू शकतो.

तरीही या ग्रंथाच्या मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. पहिली ही, की टिळकांचा तापटपणा, त्यांचा अव्यवहारीपणा, हातात न टिकणारा पैसा, यांची चित्रे पुस्तकात विपुल आहेत. लक्ष्मीबाईंच्या लेखणीत कडवटपणा नाही, म्हणून ते खपून जाते. आपल्याला मात्र हा मोह धोक्याचा आहे. जोडीदाराचे, सुनेचे, सासूचे आत्मपरीक्षण आपण फार बारकाईने करतो. मंदिरात उभ्या असलेल्या परुश्यानेही शेजारच्या जकातदाराचे उत्तम परीक्षण केले होते!

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबां’त सारे जीवन देवाला उद्देशून सांगितले, लक्ष्मीबाई ते वाचकाला सांगतात. बाप्तिस्म्याकडे नेणारी वाट त्या दाखवतात, पण एकांतातील प्रार्थनेवरचा पडदा क्वचितच दूर करतात. तो संकोच लेखिकेला शोभतो. परंतु नुसते स्वतःला पाहणे पुरेसे नाही. आपल्याकडे प्रेमाने पाहणाऱ्यासमोर पाहावयाचे असते. नाहीतर प्रामाणिक आठवणीचीही शेवटी एक चांगली गोष्ट तेवढी उरते. शिवाय या आठवणी उतारवयात लिहिलेल्या आहेत. चाळीस वर्षांनी मागे वळून पाहणे वेगळे आणि आज रात्री आजचा दिवस पाहणे वेगळे. पहिल्याने साहित्य घडते, दुसऱ्याने उद्याची सकाळ बदलते.

या वाचनानंतर मी माझी जुनी यादी सोडली. आता रात्री एकच प्रसंग निवडतो. कोणत्या दारात, कोणाशी, कसा बोललो, ते आठवतो. प्रथम त्या माणसाबद्दल देवाचे आभार मानतो. मग क्षमा मागावयाचे राहिले असेल, तर ते बहुधा आपोआप दिसते. काही वेळा दुसऱ्या दिवशी त्याच दारात पुन्हा जावे लागते, आणि ते सोपे नसते.

कुटुंबाच्या सायंप्रार्थनेनंतर हे पुस्तक घरात थोडेथोडे वाचावे, अशी माझी शिफारस आहे. वाचून झाल्यावर दिवा मालवण्यापूर्वी दोन मिनिटे गप्प बसावे. पुढचे पान प्रत्येकाने स्वतःचे उघडावे.