सस्पेन्स खात्यातली भुतं

आमच्या बँकेत सस्पेन्स अकाउंट म्हणून एक खातं असतं. ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची. शोध लागला की जिथली तिथे. बी.कॉम.ला हे शिकलो तेव्हा वाटलं, अरे, हे तर बाबूराव अर्नाळकरांनी आपल्याला सातवीतच शिकवलंय!

हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या या गृहस्थाने. पहिल्या पानावर खून सस्पेन्सला टाकायचा, शेवटच्या पानावर झुंजार किंवा काळापहाड खातं शून्य करणार. भाषा घाईची, योगायोग ढीगभर. पण पुस्तक मिटताना हिशेब चोख.

नारायण धारपांनी हिशेबात भूत आणलं. बी.एस्सी. टेक झालेला हा माणूस भीतीसुद्धा थेंबाथेंबाने घालतो. धुळ्याच्या घरी रात्री वाचत बसलो की आजी विचारायची, "काय वाची ऱ्हायना रे? भूत शे का त्यामा? मंग दिवा राहू दे." तक्रार एकच. धारपांचे 'समर्थ' आले की माझी भीती निम्मी होते. ऑडिटर आपल्याच गावचा निघावा तसं!

रत्नाकर मतकरी मात्र आमच्या बिरादरीतले. वीसेक वर्षं बँक ऑफ इंडियात काढून १९७८ साली बाहेर पडले. त्यांच्या गूढकथेला पडका वाडा लागत नाही. साधं बिऱ्हाड, साधी माणसं. भूत असतं ते मनात दडपलेल्या गोष्टीचं. सोडवायला कुणी येत नाही. रक्कम सस्पेन्समध्येच राहते.

परवा जळगावहून शेवटच्या एस.टी.ने धुळ्याला निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, गाडी रिकामी झाली. हातात 'खेकडा'. सहज हिशेब केला, माझीही नोकरी वीस वर्षांची झाली. नोकरी सांभाळून मतकरींनी हे लिहिलं; मी रजेचे अर्ज लिहिले. त्यांत आजीला तीनदा मारली. ती खरंच गेली तेव्हा रजाच शिल्लक नव्हती.

अर्नाळकरांनी गुन्हेगार तिथेच पकडला असता. धारपांनी समर्थांना धाडलं असतं. मतकरींनी काहीच केलं नसतं. फक्त पलीकडच्या सीटवर आजीला आणून बसवलं असतं.

कंडक्टर दिवे मालवायला उठला. म्हटलं, "भाऊ, राहू द्या."